कांदा, विडी आणि कडक भाकरी: सामाजिक उद्योजकता म्हणजे नेमकं काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५० पैसे कापले गेले. व्यापाऱ्यानं दिलेल्या हिशेबाच्या पट्टीवर जेमतेम अडीच रुपये उरले आणि चेक निघाला दोन रुपयांचा. ती कांदापट्टी देशभर फिरली.

अशी बातमी वाचली की शिकलेल्या तरुण पोरापोरींच्या मनात पहिला विचार ॲपचा येतो. शेतकऱ्याला घरबसल्या बाजारभाव कळला असता तर? हा विचार कळकळीतूनच येतो, म्हणून तो झटकून टाकायचा नाही. पण पट्टी पुन्हा वाचा. भाव आदल्या रात्री कळला असता तर काय झालं असतं? फार तर माणूस बाजारात आला नसता. कांदा मात्र काढून झाला होता. आणि फेब्रुवारीत येणारा कांदा हा बहुतेक रांगडा किंवा उशिराचा लाल कांदा असतो, उन्हाळी कांद्यासारखा तो चाळीत चार-पाच महिने टिकत नाही. म्हणजे भाव पडला म्हणून थांबायची सोय नाही. पाचशे किलोसाठी एकट्यानं गाडी केली की भाड्याचा बोजाही एकट्यावर. शिवाय लिलावाखेरीज दुसरा गिऱ्हाईक माहीत नाही. माहितीची उणीव इथे सगळ्यात लहान होती. टिकवण्याची सोय नव्हती, सोबत नव्हती, दुसरा बाजार नव्हता.

अशी उणीव भरून काढणारं काम उभं करायचं, आणि ते दरवर्षी देणगीदारापुढे हात न पसरता स्वतःच्या कमाईवर चालेल अशी घडी बसवायची, याला सामाजिक उद्योजकता म्हणतात. करणाऱ्याला त्यातून पोट भरता येतं, कामाला नफाही होऊ शकतो. पण नफा कशासाठी आणि तो कुणाच्या हातात राहणार, हे आधी ठरलेलं असतं.

दान, धंदा आणि या दोहोंमधली वाट

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा फरक समजावायला बाहेरचं उदाहरण आणावं लागत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघरी माहीत आहे. दुष्काळात माणसं मरताना त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली. त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, लोकांना हाताशी घेऊन तलाव खोदला. दोघांनाही आपण हात जोडतो आणि जोडलेच पाहिजेत. माणूस उपाशी असताना कोठारच उघडावं लागतं, तिथे तलावाची योजना सांगून भागत नाही. पण कोठार एकदा रिकामं होतं, तलाव पुढच्या पावसात पुन्हा भरतो. सामाजिक उद्योजक तलावाच्या वाटेनं जातो. आणि तलाव खोदणाऱ्याला पुढचाही विचार करावा लागतो, कारण गाळ दर काही वर्षांनी काढावाच लागतो. तो कोण काढणार, त्याचा खर्च कुठून येणार, हे ज्यानं पहिल्या दिवशी ठरवलं नाही त्याचं काम पाच वर्षांत बुजतं.

खर्च कुठून येणार, हाच या विषयातला कळीचा प्रश्न आहे. एक वाट मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं दाखवली. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केलं. ज्यांना परवडतं ते पैसे देतात, ज्यांना परवडत नाही त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट किंवा नाममात्र पैशांत होते आणि पैसे देणाऱ्यांच्या जमेतून न देणाऱ्यांचा खर्च निघतो. हे गणित जुळायला प्रत्येक शस्त्रक्रिया स्वस्तात आणि झपाट्यानं व्हावी लागते. सगळ्यात महाग होती ती डोळ्यात बसवायची लेन्स, ती परदेशातून यायची. म्हणून १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स इथेच बनवायला घेतली आणि तिची किंमत आयात लेन्सच्या अगदी थोड्या हिश्शावर आणली. इथे तंत्रज्ञान दिखाव्याला आलेलं नाही. ज्या एका खर्चापायी सगळं गणित अडत होतं, नेमकं त्यावर ते लावलं गेलं. कोणत्याही सामाजिक उद्योगाकडे मी पहिल्यांदा हेच पाहतो: अडलंय कुठे, आणि यंत्र लावलंय कुठे?

दुसरी वाट आपल्या जास्त ओळखीची. ज्यांना मदत करायची तेच माल बनवतात आणि पैसा बाजारातून येतो. सोलापुरात याला कडक भाकरीइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

एका भाकरीचा हिशेब

ज्वारीची पातळ, खुटखुटीत वाळवलेली भाकरी, सोबत शेंगाची चटणी. ही आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत पाकिटात मिळते, आणि ती थापणारे हात बहुतेक बायकांचे. समजा, बारा जणींचा एक बचत गट दिवसाला १,००० भाकरी करतो. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी धरतोय. तुमच्या गटाचे वेगळे असतील, पण रीत हीच. पीठ, गॅस आणि पाकीट मिळून भाकरीला ५ रुपये. थापणाऱ्या बाईची मजुरी २ रुपये. दुकानदाराला ९ रुपयांना विकली. भाकरीमागे २ रुपये उरले, म्हणजे दिवसाला २,००० रुपये. ऐकायला बरं वाटतं.

आता भाकरी कडक आहे, म्हणजे ती मोडते. एसटीच्या टपावरून, टेम्पोतून जाताना शंभरातल्या पाच मोडल्या तर दिवसाच्या ५० भाकरी गेल्या. विक्रीतले ४५० रुपये गेले, खर्च मात्र तेवढाच झाला. २,००० चे १,५५० उरले. शंभरात पाच मोडणं किरकोळ वाटतं, पण गटाच्या हाती उरणाऱ्या पैशातला जवळजवळ पाव हिस्सा त्यात गेला. म्हणजे या गटाला सगळ्यात आधी जे तंत्रज्ञान हवंय ते पुठ्ठ्याचा मजबूत, मापाचा खोका आणि दमट हवा आत न शिरू देणारं पाकीट. वेबसाइट नंतर.

याहून मोठं दुखणं उधारीचं. दुकानदार पैसे ४५ दिवसांनी देतो असं धरा. महिन्याला २६ दिवस काम म्हटलं तर तेवढ्या काळात कामाचे ३९ दिवस होतात. रोजचा खर्च ७,००० रुपये. म्हणजे पहिला रुपया हातात येण्याआधी गटाचे पावणेतीन लाख रुपये बाजारात अडकलेले असतात. बारा जणींच्या बचतीत एवढी रक्कम नसते. मग कुणाच्या तरी मंगळसूत्रावर पैसे उचलले जातात किंवा मजुरी थकते, आणि मजुरी थकली की दुसऱ्या महिन्यात अर्ध्या जणी कामावर येत नाहीत. गट मोडला की लोक म्हणतात, बायकांना धंदा जमला नाही. धंदा त्यांना जमला होता, खेळतं भांडवल नव्हतं. नफा होत असतानाही रोकड संपून काम बंद पडतं, ही गोष्ट एमबीएच्या वर्गात शिकवतात. आपल्या गटांना मात्र ती कुणी वेळेवर सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अशा ठिकाणी सामाजिक उद्योजकानं काय करायचं? तव्यापाशी त्याचं काही काम नाही, भाकरी त्या बायकांना त्याच्याहून चांगली येते. त्यानं दोन-चार दुकानदारांशी बसून पंधरवड्याला पैसे देण्याचा करार करायचा, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि पैसे आले की भरायचं कर्ज, मिळवून द्यायची, हिशेबाची वही लावून द्यायची आणि एकाच गावातल्या चार गटांचा माल एकाच टेम्पोत घालायचा. बचत गट बँकेला जोडण्याची नाबार्डची योजना १९९२ पासूनची आहे, गावपातळीवर राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं, म्हणजे ‘उमेद’चं, जाळं आहे, आणि लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, १० लाखांच्या मर्यादेत. योजना पुष्कळ आहेत, पण कागद घेऊन बँकेत चार खेटे घालायला माणूस नसतो. ते खेटे घालणं हेही या कामात मोडतं आणि त्याचा मोबदला गटाच्या विक्रीतून उघडपणे घ्यावा. फुकट राबणारा माणूस दोन वर्षांत थकतो, असंच बहुतेक ठिकाणी दिसतं.

मग यात आणि एखाद्या भल्या व्यापाऱ्यात फरक काय? व्यापारीसुद्धा वेळेवर मजुरी देऊ शकतो, आणि असे व्यापारी आहेत. फरक उरलेल्या त्या १,५५० रुपयांचा. त्यातून नवा तवा घ्यायचा, बोनस वाटायचा की एखादीच्या दवाखान्यासाठी ठेवायचे, हे गटाच्या बैठकीत ठरतं का? आणि ठरवणाऱ्या त्या बाराजणीच आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर उद्योग सामाजिक. नुसतं पाकिटावर ‘महिलांनी बनवलेलं’ छापून तो तसा होत नाही.

यंत्र कुणाच्या घरात ठेवायचं

कांद्याकडे वळू. न टिकणारा कांदा फेकण्यापेक्षा वाळवता येतो. त्यात पाणी इतकं असतं की एक किलो वाळलेल्या कापांसाठी साधारण आठ ते दहा किलो ओला कांदा लागतो. पण वाळलेला माल महिनोन्महिने टिकतो, हलका होतो, गाडीभाडं कमी लागतं आणि तो मसाले, सूप, तयार भाज्या बनवणाऱ्या कंपन्यांना हवा असतो. महाराष्ट्रात काम करणाऱ्या ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ या कंपनीनं सूर्याच्या उष्णतेवर चालणारे ड्रायर बनवले आणि २०२३ साली तिला पर्यावरणाच्या कामासाठीचा अर्थशॉट हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ड्रायर चांगलाच आहे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची मांडणी. यंत्र मोठ्या कारखान्यात ठेवण्याऐवजी गावातल्या शेतकरी बायकांच्या दारात आलं. त्यासाठी कर्जाची सोय लावली गेली. बाई कापून, वाळवून माल देते आणि तो विकत घेणारा गिऱ्हाईक आधीच ठरलेला असतो. यंत्र, कर्ज आणि बाजार, तिन्ही एकत्र बांधले. आपल्याकडे शेकडो योजनांत यंत्र वाटलं जातं, उरलेली दोन टोकं मोकळी राहतात, आणि वर्षभरात त्या यंत्रावर गोणपाट पडतं.

आता यंत्राच्या वापराबद्दल. माळशिरसच्या हद्दीपलीकडे सातारा जिल्ह्यात म्हसवड आहे. तिथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी कित्येकींना लिहिता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब सांगा, आम्ही तोंडी करतो, तुमचे अधिकारीही यंत्राशिवाय करू देत. पुढे बँकेत कार्ड आणि पिन नंबर आले तेव्हा खातेदार बाईंनीच अडचण सांगितली: पिन कुणीही बघेल, माझा अंगठाच पिन म्हणून ठेवा. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, तोच तिला सुरक्षित कुलूप वाटला, आणि बँकेनं तिचं ऐकलं. ऐकलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कचेरीत बसून आखणाऱ्याला नवऱ्याच्या किंवा पोराच्या हातात जाणारा पिन दिसत नाही. तो जिच्या पैशाला धोका आहे तिलाच दिसतो.

शिक्षणातलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा बघता येतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच हे कोड छापले जाऊ लागले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोड बनवायला जवळजवळ काही खर्च नाही, म्हणून ती कल्पना पसरू शकली. कल्पना एका शाळेपुरती राहते की राज्यभर जाते, हे बरेचदा प्रती काढण्याच्या खर्चावर ठरतं. पण वाडीवस्तीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, कोड फुकट असला तरी मोबाइल फुकट नाही, आणि घरातला एकुलता एक मोबाइल दिवसा वडिलांबरोबर रानात असतो. म्हणून वस्तीवर संध्याकाळी एका घरी पाच-सहा मुलं एका मोबाइलभोवती बसवायची व्यवस्था कोडइतकीच गरजेची आहे. ती कुठल्या सर्व्हरवर चालत नाही. एखाद्या मावशीनं अंगणातला दिवा लावून द्यावा लागतो.

भाषेचंही तसंच आहे. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, कितीतरी मोहल्ल्यांत दखनी. मराठीत लिहिलेला संदेश अर्ध्या वस्तीला वाचता येत नाही, आणि वाचता येणाऱ्या बाईलाही दिवसभर मान खाली घालून काम केल्यावर लहान अक्षरं नको वाटतात. तिथे बोलून पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज चकचकीत ॲपपेक्षा जास्त पोचतो. विडी वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात कामात असतात, कान मोकळे असतात. तिच्यासाठी काही बनवायचं असेल तर ते ऐकण्याजोगं बनवावं.

विडीला पर्याय शोधताना

हा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, म्हणून जरा थांबतो. सोलापुरात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळतात. पान आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणायची, भिजवायचं, कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. तंबाखूची धूळ श्वासात जाते, पाठ-मान धरते, डोळ्यांना त्रास होतो. दुसरीकडे सोलापूर गणवेशांच्या उद्योगासाठी नावाजलेलं आहे, तिथे शिलाईला हात हवेत. मग उपाय सरळ दिसतो: विडी सोडा, शिवण शिका. असे शिवणवर्ग कितीतरी संस्थांनी भरवले. प्रमाणपत्रं वाटली गेली आणि बऱ्याच जणी पुन्हा सुपात पान घेऊन बसल्या. आळस म्हणून नव्हे.

विडी त्या बाईला मजुरीबरोबर आणखी काय काय देते ते मोजलं पाहिजे. काम घरात आहे, त्यामुळे लहान मूल नजरेसमोर राहतं, सासूच्या औषधाची वेळ चुकत नाही. पाणी काही दिवसांआड येतं, ते आलं की उठून भरता येतं. नळाच्या वेळेला घरी माणूस नसेल तर पुढचं पाणी येईपर्यंत हाल, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. शिवाय १९६६ चा विडी कामगार कायदा (२०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत सामावला गेला), भविष्य निर्वाह निधी, कामगार म्हणून मिळणारं कार्ड, दवाखान्याची सोय, हे सगळं लढून मिळवलेलं आहे. गारमेंटच्या शेडमध्ये आठ तास जायचं तर यातलं बरंचसं सुटतं. मजुरी थोडी जास्त मिळाली तरी ती बाई गणित करते आणि घरी बसते. तिचं गणित बरोबर असतं.

म्हणजे इथे अडलंय ते शिलाईच्या कौशल्यापाशी कमी आणि मूल कुठे ठेवायचं, पाणी कोण भरणार, जायचं-यायचं कसं, पहिल्या तीन महिन्यांत हात बसेपर्यंत घर कसं चालवायचं, इथे जास्त. सामाजिक उद्योजकानं या वस्तीत काय उभं करावं असं मला कुणी विचारलं तर मी शिवणयंत्राआधी पाळणाघर सांगेन. वस्तीतच दहा यंत्रांची शेड, तिला लागून पाळणाघर, ते चालवणाऱ्याही वस्तीतल्याच दोघी-तिघी, आणि पाळणाघराचा खर्च गणवेशाच्या दरात आधीच धरलेला. गणवेश घेणाऱ्या शाळेला नगामागे थोडे पैसे जास्त पडतील. ते का, हे शाळेला समजावून सांगता येतं.

एकजुटीनं केवढं काम होतं याचं उदाहरण याच विडी कामगारांनी घालून दिलंय. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या किल्ल्या दिल्या गेल्या. मग तिथेच ३०,००० घरांचं रे नगर आखलं गेलं. यंत्रमागावर काम करणारे, विडी वळणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, बांधकाम मजूर, चालक यांच्यासाठी. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिली १५,००० घरं दिली गेली. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी कामगाराची स्वतःची रक्कम आणि कर्ज. एकट्या विडी कामगार बाईला गृहकर्ज देताना बँक दहा वेळा विचार करते. हजारो जणी एका सोसायटीच्या कागदाखाली आल्या की जमीन एकरांनी घेता येते, बांधकामाचा दर उतरतो आणि सरकार दखल घेतं. याला कुणी उद्योजकता म्हणत नाही, कामगार चळवळ म्हणतात, आणि नाव तेच राहू दे. पण सामाजिक उद्योग काढणाऱ्यानं बाहेरचे चार अभ्यासवर्ग करण्याआधी कुंभारीला जाऊन एक दिवस तिथल्या बायकांशी बोलावं. वर्गणी कशी गोळा केली, मधली इतकी वर्षं लोकांनी धीर का सोडला नाही, आणि किल्ली मिळाल्यावर बस, पाणी, शाळा, रोजगार यांचे कोणते नवे प्रश्न आले, सगळं विचारावं. घर मिळालं तरी काम शहरात राहिलं की रोजचं भाडं वाढतं. पुढच्या उद्योगाची जागा कदाचित तिथेच आहे.

नोंदणी आणि पैसा, थोडक्यात

कायद्याचा भाग लोकांना उगाच भीतिदायक वाटतो. देणगीवर चालणारं काम असेल तर ट्रस्ट किंवा संस्था. कंपनीची शिस्त हवी पण नफा वाटून घ्यायचा नाही, तर कंपनी कायद्यातली कलम ८ ची कंपनी. शेतकरी किंवा कारागीर मिळून माल विकणार असतील तर उत्पादक कंपनी. त्याला किमान दहा उत्पादक लागतात, आणि शेअर कितीही असले तरी साधारणपणे एका सभासदाला एकच मत. कांदा, ज्वारी, डाळिंब या आपल्या पिकांसाठी मला ही रचना सगळ्यात योग्य वाटते, कारण मोठा शेतकरी तिच्यावर सहज कब्जा करू शकत नाही. मोठ्या कंपन्यांना २०१४ पासून नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, तो सीएसआर निधी. सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे सामाजिक काम करणाऱ्यांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारातच केलेला वेगळा विभाग, तेही आलंय. तिथे अशा रोख्यांतून पैसे उभे करता येतात की ते घेणाऱ्याला व्याजही मिळत नाही आणि मुद्दलही नाही, फक्त ठरलेलं काम झाल्याचा अहवाल मिळतो. लहान गटानं सुरुवातीलाच त्याच्या मागे लागू नये. आधी दोन-तीन वर्षांचे तपासलेले हिशेब हाताशी असावेत.

एक सावधगिरी मात्र ठामपणे सांगतो. सीएसआर किंवा अनुदान घेताना ते एकदाच्या खर्चाला घ्यावं: शेड, यंत्र, प्रशिक्षण. रोजची मजुरी आणि कच्चा माल विक्रीतूनच भागला पाहिजे. मजुरीच अनुदानातून जाऊ लागली की मार्च संपताच काम संपतं. आणि अशी एकदा हिरमुसलेली वस्ती पुढच्या माणसाला दारात उभं करत नाही, भले तो कितीही प्रामाणिक असो.

झालं का काम, कसं ओळखायचं

अहवालात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: २०० बायकांना प्रशिक्षण, ४० यंत्रांचं वाटप, १५ गावांत कार्यक्रम. हे आपण काय केलं त्याचे आकडे. त्यांच्या आयुष्यात काय बदललं ते त्यात नाही. ते कळायला कामाआधी मोजणी करून ठेवावी लागते. शिवणवर्ग सुरू होण्याआधी त्या बाईची महिन्याची कमाई किती, ती कुणाच्या हातात जाते, दिवसाचे किती तास काम, पाठ दुखते का. हे नोंदलं नसेल तर वर्षानं तुलना कशाशी करणार? आणि तुलना शेजारच्या, जिथे आपण गेलो नाही अशा वस्तीशीही करावी. पाऊस चांगला झाला की सगळ्याच गावांच्या विहिरी भरतात. फक्त आपलं गाव मोजून ‘आमच्या कामामुळे पाणी वाढलं’ म्हणणं बरोबर नाही. दुष्काळी वर्षात शेजारच्या गावाला टँकर सुरू झाला आणि आपल्या गावाला महिनाभर उशिरा लागला किंवा लागलाच नाही, तर त्या दाव्यात जोर येतो.

मोजणी गटातल्या बायकांनीच करावी असा माझा आग्रह आहे. हिशेबाची वही संस्थेच्या कचेरीत असली की गट संस्थेचा होतो. ती गटाच्या घरी असली, दर बैठकीत मोठ्यानं वाचली गेली, की ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही शिल्लक किती ते पाठ असतं. मोबाइलवर हिशेब ठेवायलाही हरकत नाही. फक्त पासवर्ड एका हुशार मुलीपाशी असून चालणार नाही, तिचं लग्न होऊन ती गेली की सगळी नोंद तिच्याबरोबर जाते. दोघी-तिघींना यायला हवं आणि महिन्याला एकदा कागदावर उतरवून ठेवायला हवं.

जी संस्था, जो तरुण अशा कामात उतरेल, त्यानं सुरुवात केल्यापासून सहा महिन्यांनी, मग वर्षानं आणि मग काम सोपवून दिल्यावर पुन्हा एकदा जाऊन काही साधे प्रश्न विचारावेत. यंत्र या आठवड्यात किती दिवस चाललं? ते बिघडलं तेव्हा कुणाला बोलावलं आणि पैसे कुणी दिले? मालाचा दर शेवटचा कधी वाढवून मागितला, आणि मागायला कोण गेलं होतं? कमाई कुणाच्या खात्यात येते, आणि ते खातं चालवतं कोण? मागच्या बैठकीला आपण नव्हतो, तेव्हा बैठक झाली का, आणि झाली असेल तर भांडण कशावरून झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जर भरभरून, दोन बाजूंनी, एकमेकींना मध्येच तोडत मिळालं, तर तो गट आपल्या पायावर उभा आहे असं खुशाल समजावं आणि पुढच्या वस्तीकडे निघावं.